शेरचं ‘बिलीव्ह’: आवाज मुद्दाम तुटलेला ठेवला, त्याची गोष्ट

(ज्यांचा हा भाग ऐकायचा राहिलाय त्यांच्यासाठी बोललेलं जवळपास जसंच्या तसं उतरवून काढलंय. माझे ‘ॲक्च्युअली’ आणि ‘म्हणजे कसं’ थोडे कापलेत. सगळे नाही, कारण मग काहीच उरलं नसतं.)

हेडफोन आहेत ना जवळ? मग आधी एक काम करा. हा भाग पॉज करा, तुमच्या नेहमीच्या ॲपवर जा आणि शेर या गायिकेचं ‘बिलीव्ह’ लावा. पूर्ण नको. पहिलं एक मिनिट पुरे. सुरुवातीला सिंथेसायझरची धूसर लाट येते, मग क्लबमधला ठेका, मग एका बाईचा खालच्या पट्टीतला, जाड, भरदार आवाज. आणि अर्धं मिनिट उलटलं की त्या आवाजाला काहीतरी होतं. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर तो घसरत जात नाही, टुणकन उडी मारतो. नेटवर्क गेल्यावर व्हिडिओ कॉलवरचा आवाज अडकतो ना, तसं काहीसं. पण सुरात!

ऐकलंत? बरं. आज त्या एका उडीबद्दल बोलायचंय.

विषय सुचला तो एका मेसेजवरून. आपली एक श्रोती आहे, सहा वर्षं शास्त्रीय गाणं शिकतेय. तिने लिहिलं, ‘दादा, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये माझ्यासोबत जो मुलगा गायला त्याला सूर लागत नाही. पण त्याचं रेकॉर्ड केलेलं गाणं ऑटोट्यून लावून रीलवर आलं आणि सगळे म्हणाले काय गातोस! मग मी पहाटे उठून रियाज कशाला करायचा?’ प्रश्न रागातून आलाय, आणि राग खोटा नाही. मी तिला दोन ओळींत उत्तर लिहायला बसलो होतो. मग वाटलं, या भानगडीची सुरुवात जिथे झाली तिथूनच सांगू.

तर वर्ष १९९८. शेर तेव्हा ५२ वर्षांची. (नाव ऐकून गझलेतला शेर आठवला असेल तर हरकत नाही, उच्चार तोच.) आपल्या पिढीला ती फार तर मीम्समधून माहीत असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. १९६५मध्ये नवरा सनी बोनो याच्यासोबत जोडीने गाऊन ती अमेरिकेत घराघरांत पोचली. सत्तरच्या दशकात टीव्ही शो, एकटीची तीन नंबर वन गाणी, १९७५मध्ये घटस्फोट. मग सिनेमा. १९८८मध्ये ‘मूनस्ट्रक’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर. १९८९मध्ये पुन्हा एक मोठं हिट गाणं. आणि नव्वदीत? नव्वदीत आजारपण, आणि टीव्हीवर केसांच्या प्रॉडक्टच्या लांबलचक जाहिराती. त्या जाहिरातींवरून तिची इतकी टर उडवली गेली की ऑस्करवाली बाई शांपू विकतेय हा तिच्यावरचा कायमचा विनोद झाला. १९९८च्या जानेवारीत सनी बोनो स्कीइंग करताना अपघातात गेला. अंत्यविधीत बोलताना तिला रडू आवरेना, आणि ते सगळं टीव्हीवर दिसलं.

पॉपच्या धंद्यात पन्नाशीच्या बाईला काय जागा असते, हे वेगळं सांगायला नको. जुन्या गाण्यांचे कार्यक्रम करा, मानाचा पुरस्कार घ्या, घरी बसा. पुरुषांना हा नियम जरा उशिराच लागतो.

पण वॉर्नर कंपनीच्या ब्रिटनमधल्या शाखेचा प्रमुख रॉब डिकिन्स याच्या डोक्यात काही वेगळं होतं. अमेरिकेने शेरला बाजूला ठेवलं असलं तरी एका ठिकाणी तिची गादी कधीच हलली नव्हती: गे क्लबमध्ये. तिथले लोक तिच्यावर तेव्हाही जीव टाकत होते, आजही टाकतात. तर डिकिन्स म्हणाला, त्या डान्स फ्लोअरसाठीच गाणी करू.

आता गाणं. ‘बिलीव्ह’च्या खाली गीतकार-संगीतकार म्हणून किती नावं आहेत माहितीये? सहा! एका प्रेमभंगाच्या गाण्याला सहा जण. कारण हे गाणं एका बैठकीत झालेलं नाही, ते अक्षरशः ठिगळं लावून झालंय. मूळ गाणं ब्रायन हिगिन्स नावाच्या तरुण गीतकाराचं आणि त्याच्या साथीदारांचं. ते बराच काळ कंपन्यांच्या टेबलांवर फिरत होतं आणि प्रत्येक ठिकाणी एकच शेरा मिळत होता: कोरस झकास, बाकीचं गाणं टाकाऊ. डिकिन्सनेही ते ऐकलं आणि त्याचंही मत तेच पडलं. पण कोरसमध्ये एक प्रश्न होता. प्रेम संपल्यानंतर पुन्हा उभं राहता येतं का, असा. त्याला वाटलं, हा प्रश्न विशीतल्या पोरीने विचारला तर गाणं होईल, शेरने विचारला तर लोक थांबून ऐकतील. मला हा या सगळ्या कहाणीतला सगळ्यात हुशार निर्णय वाटतो. तंत्रज्ञान अजून आलेलंही नाही, बरं का.

(जाता जाता: याच हिगिन्सने पुढे झेनोमेनिया नावाची गाणी बनवणारी टीम काढली आणि ब्रिटिश पॉपमध्ये बरीच वर्षं हिट्सचा रतीब घातला. टाकाऊ कडव्यांचा माणूस!)

कडवी नव्याने लिहायचं काम गेलं मेट्रो या प्रॉडक्शन टीमकडे. मार्क टेलर आणि ब्रायन रॉलिंग हे प्रोड्यूसर, आणि त्यांचेच दोन गीतकार. स्टुडिओ लंडनच्या पश्चिमेकडचा, छोटासा. करोडोंचं कन्सोल वगैरे काही नाही. एक मॅकिंटॉश कॉम्प्युटर, त्यावर क्युबेस हे सॉफ्टवेअर, काही सिंथेसायझर. आज तुमच्यापैकी अनेकांच्या लॅपटॉपमध्ये जे आहे त्याचेच पणजोबा. टेलरने आधी गाण्याचा एक अवतार पूर्ण केला. फारच कडक क्लब म्युझिक झालं. गाणं हरवलं, ठेका उरला. त्याने तो सगळा फेकून दिला आणि पहिल्यापासून सुरू केलं. हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याला वाटतं कॉम्प्युटरवर केलं म्हणजे पटकन होतं. होत नाही.

गाणं उभं राहिलं काळी तीनमध्ये, मिनिटाला साधारण १३३ ठोके. आणि मग शेर आली, आणि दोन अडचणी आल्या.

पहिली अडचण शब्दांची. दुसऱ्या कडव्यातही नायिका रडतच होती. शेरचं म्हणणं असं की, एक कडवं दुःखी असलेलं चालेल, दोन कडवी कोण सहन करणार? पहिल्या कडव्यात रड, दुसऱ्यात उठून उभी राहा. घरी आंघोळीच्या टबमध्ये बसल्या बसल्या तिला ओळी सुचल्या, आणि ती आपल्याला याच्याशिवायही जमेल असं म्हणणारी नायिका गाण्यात आली. त्या सहा नावांमध्ये तिचं नाव मात्र नाही. श्रेयनामावली हा वेगळ्याच एका भागाचा विषय आहे, तो मी केव्हातरी करणारच.

दुसरी अडचण मोठी. कोरस गाताना शेर भिंत फोडून जायची, पण कडवी सपाट वाटत होती. टेलर पुन्हा पुन्हा सांगत राहिला, अजून चांगलं होऊ शकतं, अजून एकदा घेऊ. तुमच्यापैकी कुणी स्टुडिओत गायलं असेल तर त्या ‘अजून एकदा’ची किंमत तुम्हाला माहीत असेल. एका वेळी तिची सहनशक्ती संपली. यापेक्षा चांगलं हवं असेल तर दुसरी गायिका आण, अशा अर्थाचं बोलून ती चालती झाली. ५२ वर्षांची, ऑस्कर मिळवलेली बाई आणि तिला कडवं पुन्हा गायला सांगणारा तिच्यापेक्षा कितीतरी लहान प्रोड्यूसर. बाजू कुणाची घ्यायची? खरं सांगू, मला दोघंही बरोबर वाटतात.

यानंतर काय झालं याच्या दोन आवृत्त्या आहेत. शेर सांगते की तिने टीव्हीवर अँड्र्यू रोचफर्ड या ब्रिटिश गायकाला ऐकलं, त्याच्या आवाजावर काहीतरी विचित्र प्रक्रिया केलेली होती. असं काही माझ्या आवाजाला करा, असं तिने सुचवलं. टेलर सांगतो की तो आधीच एका नव्या सॉफ्टवेअरशी खेळत बसला होता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. भांडण झाल्यावर दोन माणसं आपापल्या घरी जाऊन त्याच अडचणीवर विचार करतात, असं होतंच की.

आता त्या सॉफ्टवेअरकडे येऊ. इथे गोष्ट एकदम जमिनीखाली जाते. म्हणजे खरोखर जमिनीखाली.

अँडी हिल्डब्रँड हा इलेक्ट्रिकल इंजिनिअर. डॉक्टरेट झालेला, आणि बासरी वाजवणारा. त्याची नोकरी तेलाच्या धंद्यात, एक्सॉन कंपनीत. तेल कुठे आहे हे शोधायची एक पद्धत अशी: जमिनीत छोटा स्फोट करायचा, त्याच्या लाटा खोलवर जातात, खडकांच्या थरांवर आदळून परत येतात, त्या वर पेरलेल्या मायक्रोफोनसारख्या यंत्रांनी पकडायच्या आणि त्या प्रतिध्वनींवरून खाली काय दडलंय त्याचा नकाशा काढायचा. त्यासाठी जे गणित लागतं त्यात हा माणूस पटाईत. पुढे त्याने स्वतःची कंपनी काढली, पैसा कमावला, १९८९मध्ये त्या धंद्यातून बाहेर पडला आणि चक्क विद्यापीठात जाऊन संगीत शिकायला लागला.

नव्वदीच्या मध्यावर एकदा जेवणाच्या टेबलावर गप्पा चालल्या होत्या, आता काय नवीन बनवायचं. तिथे बसलेल्या एका बाईने गमतीत म्हटलं, मला सुरात गाता येईल असा एखादा डबा बनव ना! टेबलावर कुणी फारसं हसलं नाही. पण हिल्डब्रँडच्या डोक्यात ते राहिलं, कारण आवाजाचा सूर ओळखणं आणि जमिनीखालून आलेली लाट वाचणं यामागचं गणित एकाच कुळातलं आहे. १९९७मध्ये त्याच्या अँटारेस कंपनीचं ऑटोट्यून बाजारात आलं.

ते चालतं कसं, हे नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

तुम्ही एक सूर लावला, समजा सेकंदाला ४४० कंपनांचा. म्हणजे हवेतली तीच लाट सेकंदात ४४० वेळा पुन्हा पुन्हा येते. एक लाट साधारण सव्वादोन मिलिसेकंदांची. सॉफ्टवेअर काय करतं? तुमच्या आवाजाची एक प्रत घेतं, ती किंचित पुढे सरकवतं आणि मूळ आवाजावर ठेवून बघतं: जुळतंय का? अजून थोडी सरकवतं: आता जुळतंय का? जिथे दोन्ही चपखल बसतात, तेवढी एका लाटेची लांबी. मिळाला सूर! ऐकायला सोपं आहे, पण नव्वदीतल्या कॉम्प्युटरला गाणं चालू असताना हे सतत करणं म्हणजे डोंगराएवढी आकडेमोड. हिल्डब्रँडची खरी करामत ही की त्याने गणिताची अशी काटछाट केली की डोंगराची टेकडी झाली.

सूर कळला, आता दुरुस्ती. आपल्या पेटीवर ४४०नंतरची लगेचची पट्टी आहे साधारण ४६६ची. मधे काही नाही. पण गळ्याला मधलं सगळं उपलब्ध आहे: ४४५, ४५०, ४५८, हवं ते. तुम्ही ४५०वर गायलात तर सॉफ्टवेअर म्हणतं, सगळ्यात जवळची पट्टी ४४०, चला तिकडे. मग ते लाटा थोड्या लांबवतं आणि तुम्ही सुरात.

आणि आता ते बटण. ही दुरुस्ती किती वेगाने करायची, ते तुम्ही ठरवता. वेग कमी ठेवला तर सूर हळूच ओढला जातो, माणसाचा गळा जसा चूक लक्षात आल्यावर सावरतो तसा. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. ऑटोट्यून बनलं ते याचसाठी, कुणाला कळू नये म्हणून. पण स्केलच्या एका टोकाला होतं शून्य. शून्य म्हणजे अजिबात वेळ घ्यायचा नाही, तत्क्षणी पट्टीवर. तिथे काय होतं? गायक ४४०वरून ४६६वर घसरत जातो, पण सॉफ्टवेअर त्याला घसरू देत नाही. अर्ध्या वाटेपर्यंत ४४०वरच दाबून धरतं आणि मग एकदम ४६६वर फेकतं. उताराचा रस्ता होता, त्याच्या पायऱ्या झाल्या. कुणी शहाणा माणूस हे सेटिंग वापरेल असं खुद्द हिल्डब्रँडलाही वाटलं नव्हतं. दिलं आपलं, स्केलला टोक असायला हवं म्हणून.

मार्क टेलरने शेरच्या कडव्यांवर ते टोक वापरून पाहिलं.

तुम्ही हे घरी करून बघू शकता. मोबाइलवर फुकटची बरीच ॲप्स आहेत. मी परवा करून बघितलं, माझा आवाज यंत्रमानवाला सर्दी झाल्यासारखा आला. मग शेरचाच का जमला? दोन कारणं मला दिसतात. एक, तिचा आवाज. खालच्या पट्टीतला, वजनदार, आणि लांब सुरावर मोठं कंपन असलेला. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना ती सरळ जात नाही, वळसा घेत जाते. जितका वळसा मोठा, तितक्या पायऱ्या ठळक. सरळसोट गाणाऱ्याला शून्यावर ठेवलं तर फारसा फरकच पडणार नाही!

दुसरं कारण जागेचं. संपूर्ण गाणं त्या इफेक्टमध्ये नाहीये. पुन्हा ऐका. कडव्यात, ती एकटी असताना, मनातलं पोचत नाहीये असं म्हणत असताना आवाज तुटतो. आणि कोरस आला की दार उघडावं तसा तिचा स्वतःचा आवाज, जवळपास मोकळा, छातीतून येतो. तुटलेपणा आणि उभं राहणं हे शब्दांत आहेच, पण तुमच्या कानाला ते शब्द कळायच्या आधी कळतं. इंग्रजी न येणाऱ्या माणसालाही. ज्या सपाट कडव्यांवरून भांडण झालं, तीच आता गाण्यातली सगळ्यात लक्षात राहणारी जागा झाली.

पण हे शेरला ऐकवायचं कसं? टेलरला घाम फुटला होता. एवढ्या मोठ्या गायिकेला सांगायचं, ‘मॅडम, तुमच्या आवाजाची जरा मोडतोड केलीय’? शेवटी दोनेक बिअर पोटात गेल्यावर त्याने धीर करून ते लावलं. शेर उडालीच, आनंदाने. मग कंपनी म्हणाली, हे काढा, हा तुझा आवाज वाटतच नाही. यावर तिचं उत्तर थोडक्यात असं होतं की माझ्या मुडद्यावरून जा आणि मग काढा. विषय संपला. डिकिन्सने पुढे मान्य केलं की बरं झालं तिने ऐकलं नाही.

१९९८च्या ऑक्टोबरमध्ये सिंगल ब्रिटनमध्ये आलं. पहिल्याच आठवड्यात एक नंबर, आणि सात आठवडे हललं नाही. त्या वर्षी टायटॅनिकचं गाणं जगभर वाजत होतं, आठवतंय? ब्रिटनमध्ये त्या वर्षी सगळ्यात जास्त खपलेलं सिंगल टायटॅनिकचं नाही, ‘बिलीव्ह’ आहे. लक्षात घ्या, तेव्हा ‘खपलं’ म्हणजे माणूस दुकानात जाऊन, खिशातून पैसे काढून, एका गाण्यासाठी सीडी किंवा कॅसेट विकत घेत होता. स्किप करायला अंगठा हलवण्याइतकं ते सोपं नव्हतं.

अमेरिकेत मात्र गाडी सावकाश निघाली. डिसेंबरमध्ये बिलबोर्डच्या शंभरात अगदी तळाशी शिरलं, आणि चढत चढत मार्च १९९९मध्ये पहिल्या क्रमांकावर, चार आठवडे. तोपर्यंत इतक्या वयाची कुठलीही बाई त्या यादीत अव्वल आली नव्हती. तिचं स्वतःचं आधीचं नंबर वन गाणं १९७४चं होतं, मधे पंचवीस वर्षं. पुढे बिलबोर्डने पूर्ण १९९९ सालची यादी काढली तेव्हाही वरचं नाव हेच. आणि २०००मध्ये सर्वोत्कृष्ट डान्स रेकॉर्डिंगचं ग्रॅमी, तिच्या आयुष्यातलं पहिलं. शांपूचे विनोद एकदम बंद.

आणि इथून पुढे गोष्ट थोडी मजेशीर होते. सगळ्या जगातले प्रोड्यूसर डोकं खाजवत होते, हा आवाज काढला कसा? फेब्रुवारी १९९९मध्ये ‘साउंड ऑन साउंड’ या ब्रिटिश मासिकाने टेलर आणि रॉलिंगची सविस्तर मुलाखत छापली. त्यात टेलरने अगदी तपशीलवार सांगितलं की हे आम्ही एका व्होकोडर पेडलवर केलं, अमुक वायर इकडे, तमुक सिग्नल तिकडे. सगळी थाप! धंद्याचं गुपित फुटू नये म्हणून रचलेली. बिचाऱ्या किती लोकांनी ती पेडलं विकत घेतली असतील. सत्य फार दिवस लपलं नाही, मासिकाला पुढे खुलासा जोडावा लागला, आणि ऑटोट्यूनच्या वापरपुस्तिकेतच त्या शून्य सेटिंगचा उल्लेख ‘शेर इफेक्ट’ असा होऊ लागला. ज्या कंपनीला वाटत होतं कुणी शहाणा हे वापरणार नाही, तिने त्याला नावच देऊन टाकलं.

मग पूर आला. २०००मध्ये डाफ्ट पंकचं ‘वन मोअर टाइम’. २००५पासून टी-पेन हा अमेरिकन गायक, ज्याने ते सेटिंग एखाद्या वाद्यासारखं वापरलं, अख्ख्या गाण्याभर. २००८मध्ये कान्ये वेस्टने आईच्या मृत्यूनंतरचा एक अख्खा अल्बम त्या आवाजात गायला. २००९मध्ये आयफोनवर टी-पेनच्या नावाचं ॲपच आलं, फोनमध्ये गा आणि टी-पेन व्हा. त्याच वर्षी जे-झीने ऑटोट्यूनच्या मृत्यूची घोषणा करणारं गाणं काढलं. २०१०मध्ये ‘टाइम’ मासिकाने सगळ्यात वाईट ५० शोधांची यादी केली, त्यात ऑटोट्यून होतं.

या रागाची किंमत कुणी मोजली, तर टी-पेनने. त्याने एका माहितीपटात सांगितलंय की २०१३मध्ये विमानप्रवासात अशर या मोठ्या गायकाने, ज्याला तो मित्र मानायचा, त्याला जवळ बोलावून सांगितलं की तू खऱ्या गायकांसाठी संगीताची वाट लावलीस. त्यानंतरची चार वर्षं आपण नैराश्यात होतो, असं तो म्हणतो. आणि गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. २०१४मध्ये एनपीआर या रेडिओच्या ऑफिसात, एका टेबलामागे बसून, फक्त एक कीबोर्डवाला सोबत घेऊन तो ऑटोट्यूनशिवाय गायला. लोक थक्क झाले. या माणसाला गाता येतं! येतच होतं की. यंत्र तो चूक लपवायला वापरतच नव्हता. तो व्हिडिओ शोधून नक्की बघा.

आता आपल्याकडे येऊ, कारण हे भांडण आपल्याला नवीन नाही. पेटी! पट्ट्या ठरलेल्या, मधले सूर नाहीत, मींड निघत नाही, श्रुती बसत नाहीत, परदेशातून आलेलं यंत्र. हे सगळे आक्षेप हार्मोनियमवर घेतले गेले, आणि ते चुकीचे नव्हते. १९४०मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला बंदीच घातली, ती १९७१नंतर सैल झाली. एकतीस वर्षं! आणि त्याआधीपासून इकडे महाराष्ट्रात संगीत नाटकांच्या खेळाला पेटीशिवाय पान हलत नव्हतं, गोविंदराव टेंब्यांसारखे लोक त्याच ठरलेल्या पट्ट्यांमधून असं वाजवत होते की यंत्र विसरायला व्हावं. आज तुझ्या गुरूंकडे, प्रश्न विचारणाऱ्या मुली, साथीला काय असतं ग? मी पैज लावतो, पेटीच.

पण तुलना इथेच थांबते, हेही सांगायला हवं. पेटी गायकाच्या शेजारी बसते. ऑटोट्यून त्याच्या गळ्यात बसतं. पेटीने तुझी मींड चुकली तरी झाकली जात नाही.

म्हणून माझ्या मते भांडण ऑटोट्यून विरुद्ध रियाज असं नाहीच. ‘बिलीव्ह’मध्ये यंत्र समोर उभं आहे, मी यंत्र आहे असं सांगत. कुणाची फसवणूक होत नाही. प्रश्न आहे तो मंद वेगाच्या सेटिंगचा, जे आज बहुतेक पॉप गाण्यांवर असतं आणि तुम्हाला-मला ऐकूही येत नाही. तुझ्या गॅदरिंगवाल्या मुलाने शून्य लावलं असतं तर मी त्याच्या बाजूने बोललो असतो. त्याने कळणार नाही असं लावलं आणि ‘काय गातोस’ हे ऐकून घेतलं. तुझा राग तिथे आहे, आणि तो रास्त आहे.

रियाज कशाला करायचा, याचं उत्तर मी देणार नाही, सहा वर्षं तू करतेयस, मी नाही. फक्त एक प्रयोग सांगतो. एखादी मोठी मींड, तुझ्या गळ्यावर बसलेली, फोनवर रेकॉर्ड कर. ॲपमध्ये टाक. वेग शून्य. आणि ज्या जागा पायऱ्यांच्या मधे गळून पडल्या त्या मोजून मला पाठव, आवाजासकट. पुढच्या भागात, तुझी हरकत नसेल तर, दोन्ही एकामागून एक लावू.

बाकीच्यांनी तोपर्यंत ‘बिलीव्ह’ पूर्ण ऐका. पहिल्यांदा मुद्दाम एकच मिनिट सांगितलं होतं, दुसरं कडवं राहिलंय तुमचं. टबमधलं.